फर्डिनंडच्या गाडीतला गव्हर्नर

बोलतोय तो मी. खाली काय बघता, वर बघा. वालीवला काशिनाथचं गॅरेज आहे, त्याच्या मागच्या भिंतीला फळी ठोकलीय. तिच्यावर ग्रीसचा डबा आणि फुटका आरसा यांच्या मधे बशीएवढा एक काळा, गंजका डबा पडलाय ना? तोच मी. एका अंगाला रबरी नळीचं थोटूक आहे, दुसऱ्या अंगाला बारीक मण्यांची साखळी लोंबतेय. गिऱ्हाइकं येतात, मला हातात घेतात, उलटा करतात, विचारतात, "हे काय रे?"

काशिनाथ मान वर न करता सांगतो, "काय नाय. कामाचं नाय ते."

मग लोक हात पुसतात आणि मला परत ठेवतात. तेही उलटा.

कामाचं नाय म्हणे. बरं, तुम्हाला वेळ आहे ना? मग ऐका. नसेल तर जा, मला काय कुणाची सवय राहिलेली नाही.

मी अख्खी मोटार नव्हे, हे आधी डोक्यात घ्या. मोटारीतला एक भाग. ड्रायव्हरनं गाडी पाहिजे त्या वेगाला आणायची, बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. पुढं तो वेग मी धरायचा. चढ आला तर साखळी ओढून ॲक्सिलेटर दाबायचा, उतार आला तर सैल सोडायचा. आणि ड्रायव्हरनं ब्रेकला नुसता पाय टेकवला तरी सगळं तिथल्या तिथं सोडून द्यायचं. माझी शाळा म्हणाल तर एवढीच. दुसरं काही मला शिकवलं नाही, आणि मीही शिकलो नाही.

जन्म अमेरिकेतला, सदुसष्ट सालचा. कारखान्यात माझ्यासारखे शेकड्यांनी एका पट्ट्यावरून सरकत होते. पुढचा माझ्यासारखा, मागचा माझ्यासारखा. तेवढीच काय ती जातभाईंची सोबत. एकदा मला गाडीत ठोकलं, त्यानंतर माझ्यासारखा दुसरा मी आजवर पाहिलेला नाही. तुम्हीही पाहिला नसेल. वसई तालुक्यात तर नाहीच.

बोटीतून मुंबईला आलो तो वकिलातीतल्या एका साहेबाबरोबर. लांबलचक हिरवी गाडी, स्टिअरिंग डाव्या हाताला, गिअर आपोआप पडणारे. साहेब गेला, मग कंपनीचा एक मॅनेजर मालक झाला. पण मुंबईत माझा उपयोग काय? इथं सिग्नल, तिथं म्हैस, पुढं हातगाडी. माझं बटण इंडिकेटरच्या दांडीच्या टोकाला होतं. मॅनेजरचा ड्रायव्हर त्या दांडीला टोपी अडकवायचा. बारा वर्षांत मला कुणी दाबलं नाही. बारा वर्षं. तुम्ही बारा मिनिटं बसून बघा, कुणी हाक न मारता.

एकोणऐंशी साली गाडी फर्डिनंडनं घेतली आणि मी भुईगावला आलो.

फर्डिनंड बोटीवरचा माणूस. पंचवीस वर्षं इंजिनरूममध्ये तेलवाला होता. चौऱ्याहत्तर साली लोखंडी झाकण त्याच्या उजव्या पायावर पडलं. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, घोट्याखाली कापावा लागेल. त्याची बायको लुसी खाटेशेजारी गुडघ्यावर बसली आणि तिनं वेलंकनी माऊलीला नवस केला. याचा पाय राख, तो पाय घेऊन मी तुझ्या पायाशी येईन. पाय राहिला. पण कसा? लाकडासारखा. घोट्यात वाकेना. अर्धा तास एका जागी दाबून धरला की आधी ठणकायचा आणि मग बधिर व्हायचा. हे सगळं मी गाडीत बसलेल्यांच्या तोंडून ऐकलेलं. माझ्यासमोर लोक काहीही बोलतात, मी कोण ऐकणारा!

आता वेलंकनी म्हणजे माऊलीचं तीर्थ, खाली तामिळनाडूत, समुद्राच्या काठाला. वसईहून ट्रेननं लोक जातात, गटागटानं जातात. पण फर्डिनंड हेकट. खाटेवरच बायकोला बोलून बसला होता, "पाय वाचला तर याच पायानं गाडी चालवत घेऊन जाईन तुला. ट्रेनमधे तिऱ्हाईताच्या पेटीवर पाय टाकून नाय जानार." पाच वर्षं नवस तसाच डोक्यावर. म्हणून ही गाडी. दुरुस्त करून, दमानं, स्वतः चालवत तो लुसीला नेणार होता. पण अर्ध्या तासाचा पाय आणि आठशे मैलांचा रस्ता. हा हिशेब काही जमेना.

मग एक दिवस त्याला गाडीच्या खणात पुस्तक सापडलं. बोटीवरचं मोडकंतोडकं इंग्रजी त्याला यायचं. बोट ठेवत ठेवत त्यानं वाचलं आणि ओरडला, "लुसी! याच्यात गव्हर्नर हाय!"

बोटीच्या इंजिनाचा वेग धरणाऱ्या यंत्राला गव्हर्नर म्हणतात, तेवढंच त्याचं म्हणणं. पण शब्द गल्लीत गेला. दुसऱ्या दिवशी दोन म्हाताऱ्या कुंपणाशी येऊन उभ्या.

"फर्डिनंड, गव्हर्नरची गाडी घेतलीस म्हनं?"

"गव्हर्नरची नाय. गव्हर्नर आत हाय."

"आत? मग त्याला च्या तरी विचारलास काय रे?"

तेव्हापासून भुईगावात माझं नाव पडलं ते पडलंच. नाव मिळालं, तेही थट्टेतलं. असो.

पहिल्यांदा त्यानं मला दाबलं ते घराच्या वाडीतून निघणाऱ्या बोळात. दोन्ही बाजूला केळी, गाडीचा वेग बैलगाडीचा. मी हललो नाही. तीस मैलांच्या वर गेल्याशिवाय मी काम करत नाही, तशी माझी रीतच आहे. त्यानं मला बोटीवरच्या शिव्या दिल्या. मग पुस्तकाचं पान उलटलं, गप्प झाला आणि गाडी हायवेला काढली.

चिंचोटीच्या पुढं रस्ता सरळ झाला. काटा पन्नासला आला. टोपी अडकवायच्या त्या दांडीचं टोक दाबलं गेलं, माझ्या नळीत पहिल्यांदा ओढ बसली, माझा आतला रबरी पडदा ताणला, साखळी ताठ झाली. फर्डिनंडनं पाय उचलला. सावकाश, कुणी मारील की काय अशा भीतीनं. मी वेग धरला होता. शिरसाड गेलं, चढ आला, मी ओढलं. उतार आला, मी सोडलं. मनोरपर्यंत तो पाय शेजारी लांब सोडून बसला होता. मनोरला उतरून त्यानं बूट काढून पाय बघितला.

"सुजला नाय," तो म्हणाला. "लुसी, सुजला नाय."

लुसी गाडीत नव्हतीच. एकटाच आला होता तो.

ती दोन-तीन वर्षं माझी. नियमानं मनोर, कधी चारोटी. तो सराव करायचा, नकाशावर पेन्सिल मारायचा. त्र्याऐंशीचा मे महिना ठरला, पावसाच्या आधी. सरावाच्या अशाच एका फेरीत लुसी पहिल्यांदा हायवेला बरोबर आली. ठेंगणी बाई, लाल लुगडं, हातात जपमाळ. थोडा वेळ बाहेर बघत होती. मग तिची नजर खाली गेली. फर्डिनंडचा पाय बाजूला, आणि ॲक्सिलेटर आपला आपण खाली जातोय, वर येतोय. मी ओढलं की पेडलही हलतं, काय करणार!

"तुमचा पाय कुठाय?"

"हा काय."

"मग ते कोन दाबतंय?"

"गव्हर्नर."

"गव्हर्नरला सांगा, लुसी उतरते म्हनून. गाडी थांबवा."

"अगो, यंत्र हाय ते."

"यंत्राला पाय असतो काय? मला दिसतंय, कोनीतरी पाय देतंय! थांबवा, नायतर मी दार उघडते."

घरी येईपर्यंत ती जपमाळ ओढत होती. फर्डिनंड हसत होता. मला हसू आलं नाही. मी माझं काम करत होतो आणि ती मला भूत म्हणत होती.

त्या वर्षीचा, ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आला. लुसी देवळातून आशीर्वाद दिलेली झावळी घेऊन आली. तिकडं रीत आहे, त्या झावळीचे छोटे क्रूस विणायचे, एक दाराला, एक विहिरीला, एक वाडीत. दुपारी फर्डिनंड जेवून आडवा झाला तेव्हा ती गाडीपाशी आली. दार उघडलं, गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं. क्रूस ॲक्सिलेटरला बांधायला तिचा हात धजला नाही. भुताच्याच पायाला हात कोण लावील? तिनं शेजारचं पेडल धरलं, ब्रेकचं. वर हात घालून दांड्याच्या मागच्या फटीत क्रूस सरकवला आणि शिवणाच्या दोऱ्यानं बांधला.

आणि माझ्याशी बोलली.

"तू कोन असशील तो अस. तुझं काय वैर नाय माझं. पन माझ्या मानसाच्या पायाशी खेळू नको. तो पाय माऊलीला कबूल केलेला हाय. आमाला सुखरूप जाऊ दे, येऊ दे. मग तू रहा तुझ्या जागी."

मला जन्मापासून कुणी 'तू' म्हटलेलं नव्हतं. शिव्या दिल्या, थट्टा केली, दाबलं. पण समोर बसून, माणूस समजून, विनवणी कुणी केली नव्हती. तिनं क्रुसाची खूण केली, दार लावलं आणि गेली.

आता काय झालं ते सांगतो, नीट ऐका. ब्रेकचं पेडल पूर्ण वर आलं की त्याचा दांडा एका बारक्या बटणाला टेकतो. टेकलेलं असलं की माझी हवा कोंडलेली राहते, मी ओढू शकतो. पेडल जरा जरी खाली आलं तर मला वाटतं ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर आहे. माझी हवा सुटते. लुसीच्या क्रूसनं ते पेडल तांदळाच्या दाण्याएवढं खाली धरून ठेवलं. ब्रेकचा दिवा पेटेना, ब्रेक घासेना, कुणाला काही दिसेना. फक्त माझा जीव गेला.

ईस्टर झाल्यावर फर्डिनंड हायवेला गेला. पन्नास मैल, बटण. काही नाही. परत बटण. दहा वेळा, वीस वेळा. मी प्रत्येक वेळी ओढायला बघायचो आणि हवा निघून जायची.

"मेलास काय रे?" तो म्हणाला. आवाज शिवीचा नव्हता, म्हणून जास्त लागला.

तो गाडी घेऊन वालीवला आला, या काशिनाथकडे. काशिनाथ चांदीपचा, भातशेतीवाल्यांच्या घरातला. ट्रकची, टेम्पोची, रिक्षाची, कारखान्यातल्या पंपांची कामं करणारा. हात चांगला. मला बघून मात्र त्यानं डोकं खाजवलं.

"काका, हे आपल्याकडं नसतंय."

"नसतंय म्हनून तर तुझ्याकडं आनलं. माझ्याकडं पुस्तक हाय, तुझ्याकडं हात हायेत. मी वाचतो, तू कर."

चार दिवस तेच. फर्डिनंड स्टुलावर, पाय लांब करून, नाकावर चष्मा. काशिनाथ बॉनेटमध्ये.

"फ्यूज बघ."

"बघला. बरा हाय."

"नवा टाक तरी."

टाकला. मग दांडीची वायर सोडून बटण तपासलं, बरं निघालं. मग माझी रबरी नळी. तिला बारीक चीर होती, ती बदलली. मग मीटरची केबल काढून तेल दिलं. मग साखळी. एक मणी कमी, एक मणी जास्त. मग मलाच खोललं, पडदा उजेडात धरला, तोंडानं हवा ओढून बघितली. काशिनाथच्या तोंडाला बिडीचा वास होता. पडदा धड होता. धड होता, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

शेवटचं कलम राहिलं. फर्डिनंडनं बोट ठेवून वाचलं, "ब्रेक... पेडल... ब्रेक बघा म्हनतोय."

काशिनाथनं गाडी चार हात पुढं नेली आणि कचकन थांबवली. "ब्रेक एकदम फस्ट क्लास. पुढं?"

"पुढं काय नाय. संपलं."

मी आतून ओरडत होतो. ब्रेक लागतात का ते नाही विचारलंय रे, पेडल पूर्ण वर येतं का ते विचारलंय! पण मला तोंड कुठं!

तरी काशिनाथ खाली घुसला. उताणा पडून, बॅटरी दातात धरून त्यानं पेडलांच्या वर बघितलं. क्रूस दिसला. त्यानं बॅटरी काढली, हात पँटला पुसले आणि कपाळाला लावले. त्याला वाटलं, मालकानं बांधलेलं आहे. देवाचं आहे. दुसऱ्याच्या देवाला कसं हलवायचं? दोरा ढिला झाला होता. त्यानं खिशातली सुतळी काढून वरून आणखी एक गाठ मारली. घट्ट. आणि बाहेर आला.

"हाय काय तिथं?" फर्डिनंडनं विचारलं.

"नाय काका. सगळं जागच्या जागी हाय."

फर्डिनंडला खाली वाकून बघता येत नव्हतं. काशिनाथला विचारावंसं वाटलं नाही. आणि लुसीला गॅरेजात कोण नेणार? तिघंही भली माणसं. त्यांच्या भलेपणातच मी गुदमरलो.

जाताना काशिनाथ म्हणाला, "काका, गिअर तर आपोआप पडतात. डाव्या पायानं चालवा की."

"डावा पाय नवसाचा नाय," फर्डिनंड म्हणाला.

मे महिन्यात ती दोघं तरीही निघाली. देवळातली सकाळची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर, डिकीत पिशव्या, डबे, माऊलीसाठी मेणबत्त्यांचा पुडा. घोडबंदरवरून ठाण्याला आली, तिथून पनवेलच्या रस्त्याला लागली. फर्डिनंड अर्ध्या अर्ध्या तासानं थांबायचा, पाय दाबायचा, परत निघायचा. मी बॉनेटखाली, रिकामा. लुसीनं अधूनमधून पेडलांकडे बघितलं. ॲक्सिलेटरवर नवऱ्याचा पाय, दुसरं कुणी नाही. तिच्या तोंडावर समाधान होतं.

"बघा, आज गाडी कशी शांत चालतेय," ती म्हणाली.

फर्डिनंडनं दात आवळले. दुखणं तिला दिसू द्यायचं नव्हतं.

पनवेलच्या अलीकडं पुढं गवताची बैलगाडी आली. फर्डिनंडला वाटलं, आपण पाय उचलला. पाय उचललाच नव्हता. बधिर होऊन तिथंच पडला होता, पूर्ण वजनानं. गाडी सुसाट. लुसी किंचाळली. शेवटच्या क्षणाला त्यानं डाव्या पायानं ब्रेक मारला. गवताच्या काड्या काचेवर येऊन टेकल्या, इतकी जवळ. बैलगाडीवाला मागं न बघता आपला चालतच राहिला.

फर्डिनंडनं दोन्ही हातांनी पाय उचलून बाजूला ठेवला.

"वळवा," लुसी म्हणाली.

"बसू थोडा वेळ. मग जाऊ."

"वळवा म्हनते ना. मला तुमचा पाय न्यायचाय. तुमची माती न्यायची नाय."

त्यानंतर काशिनाथकडं आणखी तीन फेऱ्या झाल्या. परत फ्यूज, परत नळी. मग पाऊस आला. ऑगस्टमध्ये लुसीची बहीण बर्था आली. तिच्या गावचा गट माऊलीच्या सप्टेंबरच्या सणाला ट्रेननं वेलंकनीला निघणार होता.

"चल आमच्याबरोबर," बर्था म्हणाली. गाडीच्या बॉनेटला टेकूनच बोलत होत्या दोघी. "तो नाय येत तर नको येऊ दे. तू तर चल."

"नवस त्याच्या पायाचा हाय, बर्था. पाय इथं ठेवून मी काय घेऊन जाऊ? रिकामी पिशवी?"

"मग त्याला सांग, ट्रेननं चल म्हनून."

"सांगितलं. म्हनतो, पुढच्या वर्षी नक्की. गव्हर्नर नीट होऊ दे म्हनतो."

पुढचं वर्ष. जानेवारीत लुसीला ताप भरला, छातीत कफ झाला आणि चार दिवसांत ती गेली. मी ताडपत्रीखाली होतो. मला देवळाची घंटा ऐकू आली, आणि अंगणातली रांग चालू लागल्याचा आवाज. सगळ्यात मागं एक पाय घासत चालला होता. घसट, थांबणं, घसट. तो आवाज बोळाच्या टोकाला गेला आणि मग मला काही ऐकू आलं नाही.

जुनी झावळी टाकायची नसते. उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवाराआधी घरोघरच्या जुन्या झावळ्या देवळात देतात, तिथं त्यांची राख करतात. बर्था येऊन दारातला क्रूस घेऊन गेली, विहिरीवरचा, वाडीतला घेऊन गेली. चौथा कुठं आहे ते घरात एकट्या लुसीलाच माहीत होतं, आणि ती नव्हती.

मग फर्डिनंड संध्याकाळी येऊन गाडीत बसायला लागला. इंजिन चालू नाही, काच खाली नाही. नुसता बसायचा आणि दांडीचं टोक दाबायचा. कट. थोड्या वेळानं परत, कट. इंजिन बंद असताना मी काय धरणार? एकदा तो म्हणाला, "मी ट्रेननं गेलो असतो तर." एवढंच, वाक्य पुरं केलं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. दोन वर्षं मी ते अर्धं वाक्य ऐकलं. आम्ही दोघं एकाच गाडीत बसून एकटे होतो. मला उत्तर माहीत होतं आणि त्याला प्रश्न सुटत नव्हता.

शहाऐंशी साली गाडीचा तळ सडला. उंदरांनी गाद्या खाल्ल्या. फर्डिनंडनं काशिनाथला निरोप धाडला, घेऊन जा, भाग सुटे कर. काशिनाथनं टेम्पोला दोर लावून गाडी वालीवला ओढत आणली.

सुटी करायच्या आधी त्यानं इंजिन चालू करून बघितलं. मागची चाकं जॅकवर उचललेली. मग तो खाली घुसला आणि म्हणाला, "देवाचं आधी काढून घिऊ." सुतळी कापली, दोरा कापला, क्रूस अलगद ओढला. पेडल टिचकी मारल्यासारखं वर आलं.

चाकं हवेत फिरत होती. काशिनाथ उठून सीटवर बसला, ॲक्सिलेटर दाबला, काट्यानं तीस ओलांडलं. दांडी सहज त्याच्या हाताखाली आली. दाबली गेली.

मी धरलं.

तीन वर्षांनी धरलं. साखळी ताठ. ॲक्सिलेटर आपला आपण खाली. काशिनाथनं पाय वर घेतला आणि बघत राहिला. काटा पस्तीसवर, हलेना. गाडी जागच्या जागी, चाकं हवेत, कुणाला कुठं न्यायचं नाही, आणि मी वेग धरून बसलेलो. इतकं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं.

काशिनाथनं हातातल्या क्रूसकडं बघितलं, मग पेडलाकडं. मग इंजिन बंद केलं.

"आईशप्पत," तो हळूच म्हणाला. "वरची गाठ मीच मारली की रे."

त्या दिवशी त्यानं जेवणाचा डबा उघडला नाही. क्रूस त्यानं देवाच्या तसबिरीमागं ठेवला.

आठवड्यानं फर्डिनंड आला. बसनं आला, स्टँडपासून पाय घासत. गाडीचा अर्धा सांगाडा उरला होता. त्यानं तिकडं बघितलंच नाही. मी टेबलावर होतो. तो स्टुलावर बसला.

"काशिनाथ, एक विचारायचंय. खरं सांग."

"विचारा काका."

"आता सगळं खोललंस. गव्हर्नरचं काय झालं होतं? काय कळलं?"

काशिनाथ पाना पुसत राहिला.

"म्हंजे," म्हातारा म्हणाला, "मीच कुठं चुकलो काय? काय बारकं राहिलं आपलं? जरा अजून खटपट केली असती तर ती... तेवढं सांग मला. मग मी परत नाय येनार विचारायला."

मला कळत होतं, खरं काय ते आता याच्या जिभेवर आहे. सांगितलं तर मी सुटलो. पडदा धड, नळी धड, मी तीन वर्षं बिनदोष, हे एकदा तरी कुणीतरी मोठ्यानं बोललं असतं. पण मग म्हाताऱ्यानं विचारलं असतं, क्रूस बांधला कुणी? आणि तो घरी जाऊन त्या दारासमोर बसला असता, जिथून ती दुपारी गाडीपाशी आली होती.

काशिनाथनं मला उचललं.

"याच्यातच खोट, काका. आतलं रबर फाटलेलं. वरून दिसत नाय."

"फाटलेलं?"

"पार. कारखान्यातनंच तसं आलं असनार. दोन-तीन वर्षं चाललं तेच नशीब."

"म्हंजे मी कायपन केलं असतं तरी?"

"तरी नसतं चाललं. तुमच्या हातात कायच नव्हतं, काका."

फर्डिनंडनं मला हातात घेतलं. बराच वेळ फिरवून बघितलं.

"हरामखोर," तो मला म्हणाला. पण दमून म्हणाला, ओझं खाली ठेवताना म्हणतात तसं. मग काशिनाथकडं बघून म्हणाला, "लुसी पहिल्यापासून सांगत होती. याच्यात काय खरं नाय म्हनायची. तिला कळत होतं रे."

"कळतच असनार, मावशींना."

तो उठला. दारापर्यंत जाऊन म्हणाला, "टाकून दे त्याला." काशिनाथ हो म्हणाला, आणि टाकलं नाही. या फळीवर ठेवलं.

झाली त्याला दोन वर्षं. काशिनाथ माझ्याकडं बघत नाही, आणि का बघत नाही ते मला कळतं. दुपारी पत्रा तापतो, रबर आखडतं. कधी शेजारच्या कारखान्याची मोटर एका लयीत चालू राहते, तेव्हा साखळी आपसूक जराशी हलते. कुणाच्या लक्षात येत नाही. आलं तरी वाऱ्यानं हललं म्हणतील.

मला कुणी परत गाडीत बसवा, असं माझं मागणं नाही. तसली गाडीच कुठं आहे आता! पण तुम्ही ऐकून घेतलंत, म्हणून एक काम सांगतो. कुणी भुईगावला जाणार असेल, आणि बोळाच्या तोंडाशी पाय लांब करून बसलेला म्हातारा दिसला, तर त्याच्याजवळ थांबा. तो वालीवचं नाव काढील. तो गव्हर्नरचंही विचारील, परत परत विचारील, त्याला सवय आहे. तेव्हा शहाणपणा करू नका. मी इथं तुम्हाला जे बोललो, त्यातलं एक अक्षर तिथं काढू नका. सरळ सांगा, हो काका, आम्ही स्वतः हातात घेऊन बघितला. आतून फाटलेलाच आहे.